‘नॉर्मल डिलिव्हरी, आई-बाळ सुखरूप’: सात तासांच्या एका प्रसूतीचे प्रकरण

डिस्चार्ज कार्डावर इतकेच लिहिले होते : ‘नॉर्मल डिलिव्हरी. टाके घातले. आई व बाळ सुखरूप.’ यातले एकही वाक्य खोटे नाही. तीन आठवड्यांनी त्याच बाईने रुग्णालयाला साडेतीन पानी तक्रार दिली. रुग्णालयाने केसपेपर तपासून कळवले की नोंदींत काही वावगे आढळले नाही. तेही खरेच होते. मग साडेतीन पाने भरली कशाने?

हे प्रकरण एका विशिष्ट रुग्णालयाचे किंवा एका विशिष्ट बाईचे नाही. प्रसूतिकक्षांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका प्रसूतीत एकत्र आणल्या आहेत, म्हणजे एकातून दुसरी कशी निघते ते दिसेल. घड्याळाच्या वेळा, नोंदी आणि तक्रार मांडणीसाठी ठरवली आहे. वैद्यकीय नियम आणि अभ्यासांतले आकडे मात्र खरे आहेत.

सकाळी ६:१० ते ९:२०

वय २२, पहिलटकरीण, ३९ आठवडे पूर्ण. रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाची स्थिती सगळे व्यवस्थित, म्हणजे जोखीम कमी. दहा मिनिटांत दोन कळा, प्रत्येक वीस-पंचवीस सेकंदांची. गर्भाशयाचे तोंड ३ सेंटिमीटर उघडलेले.

पहिली चूक इथेच झाली. ती कुणाला चूक वाटली नाही, कारण तिचा आवाज झाला नाही. ३ सेंटिमीटरला तिला प्रसूतिकक्षात घेतले, टेबल दिले आणि घड्याळ सुरू केले. बहिणीला दाराबाहेर थांबवले. केस काढले, एनिमा दिला, ‘आता तोंडात काही घालायचं नाही’ असे बजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींत यातले बरेचसे बसत नाही. केस काढणे आणि एनिमा सरसकट करू नये, कमी जोखमीच्या बाईला खाऊपिऊ द्यावे, तिच्या पसंतीचे माणूस सोबत असू द्यावे, असे त्या शिफारशी सांगतात. प्रसूतीचा सक्रिय टप्पा त्या ५ सेंटिमीटरपासून धरतात. त्याआधी आई आणि बाळ दोघेही ठीक असतील, तर प्रसूतीचा वेग वाढवण्यासाठी औषध किंवा हस्तक्षेप नको.

९ वाजता राउंड आला. तपासणीत ४ सेंटिमीटर. ‘तीन तासांत एकच सेंटिमीटर. स्लो आहे.’ त्याच तपासणीत पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडली. तिला कळले ते मांड्यांवरून गरम पाणी वाहू लागल्यावर. ‘हे काय झालं?’ ला उत्तर आले नाही. डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांनी एकामागून एक हातमोजे चढवले आणि तपासले. दोघांनीही आपले नाव सांगितले नाही. ९:२० ला कळा वाढवण्याची ड्रिप लागली.

‘तासाला एक सेंटिमीटर’ या अपेक्षेला इतिहास आहे. १९५४-५५ मध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख मांडला. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी त्यावर सावधानतेची रेषा आणि तिच्या चार तास उजवीकडे कृतीची रेषा आखली. सावधानतेची रेषा दूरच्या केंद्रांतून बाईला वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवता यावे म्हणून होती, आणि तिने खूप जीव वाचवले. पण भिंतीवर लावलेला आलेख हळूहळू हुकूम होऊन बसतो. २०१८ च्या शिफारशींनी स्पष्ट केले की तासाला १ सेंटिमीटर हा वेग अनेक निरोगी बायांच्या बाबतीत खरा ठरत नाही, आणि निव्वळ तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये. सक्रिय टप्पा पहिलटकरणीत १२ तासांपर्यंत चालू शकतो. आपली बाई ९ वाजता त्या टप्प्यात पोचलीही नव्हती. ती स्लो नव्हती, तिचे घड्याळ लवकर लावले होते.

ड्रिप

ऑक्सिटोसिनची ड्रिप हे शिस्तीत द्यायचे औषध आहे. एक रूढ पद्धत अशी : ५०० मिली सलाईनमध्ये अडीच युनिट, सुरुवात मिनिटाला १० थेंबांनी, दर अर्ध्या तासाला १० थेंब वाढवायचे, आणि दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक ४० सेकंदांहून मोठी, असे झाले की तिथेच थांबायचे. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा झाल्या, तर दोन कळांच्या मधे गर्भाशयाला सैल व्हायला आणि बाळाला रक्त पोचायला वेळ उरत नाही. म्हणून कळा हाताने मोजायच्या, आणि बाळाचे ठोके पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ऐकायचे.

इथे ड्रिपचे चाक येणाऱ्या-जाणाऱ्याने अंगठ्याने फिरवले. कागदावर थेंबांची नोंद एकदाच आहे. कळांपुढे ‘चांगल्या’ एवढाच शब्द आहे, आकडा नाही. ठोक्यांच्या नोंदी चारच : ६:१०, ९:००, ११:०० आणि १२:२०. चारही १३४ ते १४८ च्या दरम्यान, म्हणजे ११० ते १६० या ठीक मर्यादेत.

या काळात ती उताणी पडून होती. कुशीवर वळली की ‘सरळ झोप, ड्रिप निघेल’. पाणी मागितल्यावर ओठांना ओला कापूस. ओरडल्यावर ते वाक्य, जे वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या देशांतल्या बायांनी सांगितले आहे : ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’

आतून तपासण्या किती झाल्या? कागदावर चार. तिच्या मोजणीप्रमाणे नऊ : ६:१०, ड्युटी बदलल्यावर ८:१०, ९ च्या राउंडला तीन, मग १०, ११, ११:४० आणि १२:२०. इथे कागद खोटा नाही, अपुरा आहे. विद्यार्थ्याची तपासणी ‘शिकण्याची’ म्हणून लिहीत नाहीत. नव्या ड्युटीची सिस्टर ‘स्वतःची खात्री’ म्हणून तपासते आणि तीही लिहीत नाही. चार तासांतून एकदा या नियमाने एकंदर तीन तपासण्या पुरल्या असत्या. पाणी गेल्यावर प्रत्येक जादा तपासणी जंतुसंसर्गाची शक्यता वाढवते, म्हणजे हा केवळ संकोचाचा प्रश्न नाही.

दुपारी १२:२० ते १:१५

घाना, गिनी आणि नायजेरियातल्या प्रसूतिकक्षांत निरीक्षक बसवून केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. २,०१६ बायांपैकी ८३८ जणींच्या, म्हणजे ४१.६ टक्क्यांच्या, वाट्याला मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव आलेला निरीक्षकांनी पाहिला. प्रसूतीच्या अर्धा तास आधीपासून नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत मारहाण आणि शिवीगाळीचे प्रमाण सर्वांत जास्त होते. कक्षावर लक्ष ठेवायला दिवसभर माणूस बसवता येत नसेल, तर या पाऊण तासात उभा करावा.

आपल्या प्रकरणातही तसेच. १२:२० ला तोंड पूर्ण उघडले. पाय स्टँडवर चढवले. कळ नसतानाही ‘जोर लाव, लाव, लाव’ सुरू. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत लागू शकतात, इथे चाळीस मिनिटांत सगळ्यांचा धीर सुटला. मांडीवर चापट बसली. ‘बाळाला मारायचंय का तुला?’ असे विचारले गेले. १:०५ ला एकीने स्टुलावर चढून दोन्ही कोपरांनी पोटाच्या वरच्या बाजूला दाब दिला. सॅम्युएल क्रिस्टेलर यांनी १८६७ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत अजून हातांत शिल्लक आहे. जोर लावण्याच्या या दुसऱ्या टप्प्यात असे पोट दाबू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आणि पोट दाबल्याची नोंद केसपेपरवर नाही, कारण केसपेपरवर तिला रकानाच नाही.

१२:२० ते १:१५ या पंचावन्न मिनिटांत बाळाच्या ठोक्यांची एकही नोंद नाही. ज्याच्या जिवाची भीती घालून बाईवर हात उगारला, त्याचे ठोके कुणी ऐकलेच नव्हते. दर ५ मिनिटांनी म्हणजे अकरा नोंदी हव्या होत्या. खरोखरची घाई कधीकधी असते : ठोके खाली येऊन वर न जाणे, खांदा अडकणे, रक्तस्राव. तेव्हा मिनिटे मोजूनच काम होते. इथे दोन वाजता ड्युटी बदलायची होती आणि बाहेर टेबलासाठी आणखी एक बाई थांबली होती.

१:१२ ला योनिमुखापाशी चीर दिली.

डिलिव्हरी ट्रेमध्ये लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करण्याच्या औषधाची, एक बाटली होती, तळाशी थोडे औषध असलेली. नवी बाटली कुलुपातल्या कपाटात, किल्ली मुख्य सिस्टरकडे, आणि मुख्य सिस्टर दुसऱ्या वॉर्डात. सिरिंजमध्ये दोन-तीन मिली आले. टोचले आणि लगेच कात्री लावली. बधिरतेचे काम असे होत नाही. चीर द्यायची शक्यता दिसली की आधीच ०.५ टक्क्याचे सुमारे १० मिली द्रावण लागते. २ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग औषधाला तीन भाग सलाईन. सुई त्वचेखाली, स्नायूत आणि योनिमार्गाच्या अस्तराखाली फिरवायची. दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचे. मग दोन मिनिटे थांबायचे आणि चिमट्याने त्वचा दाबून बघायची. तिला चिमटा कळला, तर आणखी दोन मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे. एकूण चार-पाच मिनिटांचा खेळ. वेळेवर दिलेले हेच औषध पुढे टाक्यांनाही उपयोगी पडते.

तिला कात्री कळली, आणि नंतर सातही टाके. ‘दोनच राहिलेत, हलू नकोस’ हे तिला चार वेळा सांगितले गेले. बऱ्याच ठिकाणी असा समज आहे की प्रसूतीच्या वेदनेपुढे टाक्यांची वेदना काहीच नाही, ताणलेली त्वचा आपोआप बधिर असते. पण कळांचा जोर बाळ बाहेर येताच ओसरतो, आणि सुई त्यानंतर लागते. बायांना नेमकी तीच आठवते.

परवानगीचे काय? दाखल होताना तिने एका छापील कागदावर सही केली होती : ‘आवश्यक त्या सर्व उपचारांस माझी संमती आहे.’ या सहीला चिरेची संमती समजणे ही रुग्णालयांची सर्वांत जुनी सवय. वर सांगितलेल्या अभ्यासात निरीक्षकांसमोर दिलेल्या २५३ चिरांपैकी १९० विनासंमती होत्या, म्हणजे चारांतल्या तीन. चीर सरसकट देऊ नये ही शिफारसही आहेच. ज्या बाईला ती खरोखर लागणार असेल, तिला दोन कळांच्या मधल्या मिनिटात एवढे सांगता येते : ‘बाळाचे ठोके कमी होतायत. खाली छोटी चीर दिली तर ते लवकर बाहेर येईल. आधी बधिर करते. देऊ का?’ दहा-बारा सेकंद.

१:१५ ला बाळ झाले, २.९ किलो, झाल्याबरोबर रडले. नाळ लगेच कापली. ती निदान एक मिनिट थांबून कापायची असते. बाळ वजनकाट्यावर गेले, तिथून कपड्यात, तिथून दुसऱ्या खोलीत. पहिला तास ते आईच्या उघड्या छातीवर असायला हवे होते. तिच्याजवळ आले २:४० ला. तोपर्यंतची चाळीस मिनिटे ती टाके होऊनही पाय स्टँडवर, अंगावर चादर नाही, दार उघडे, अशी पडून होती. ड्युटी बदलली होती. जाणाऱ्यांना वाटले येणारे बघतील, येणाऱ्यांना वाटले जाणाऱ्यांनी आवरले असेल.

याला नाव काय

यातले किती ‘गैरवर्तन’ आणि किती नुसती ‘गैरसोय’, हा वाद नेहमी होतो. २०१५ मध्ये ३४ देशांतल्या ६५ अभ्यासांवरून जी वर्गवारी झाली, तिच्यात सात गट आहेत : शारीरिक अत्याचार, लैंगिक अत्याचार, शाब्दिक अत्याचार, कलंक आणि भेदभाव, व्यावसायिक दर्जा न पाळणे, बाई आणि कर्मचारी यांच्यात संवादच नसणे, आणि यंत्रणेतल्या उणिवा. चापट पहिल्या गटात. ‘तेव्हा नाही ओरडलीस’ तिसऱ्यात. विनासंमती चीर, बधिरतेशिवाय टाके आणि टेबलावर सोडून देणे पाचव्यात. कपाटाची किल्ली सातव्यात. या शेवटच्या गटामुळे वर्गवारी कामाची ठरते, कारण किल्लीवर कुणी रागावू शकत नाही, पण सात टाके तिच्यामुळेच कळले.

काही देशांनी कायद्याचा शब्द वापरला. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये ‘प्रसूतीतील हिंसा’ कायद्यात आणली, अर्जेंटिनाने २००९ मध्ये. कर्मचाऱ्यांना हा शब्द झोंबतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. चार टेबलांना एक सिस्टर असेल आणि बाळ गेल्यावर चौकशी तिचीच होणार असेल, तर तिचा आवाज चढतो. शिवाय ओरडल्याने बाई ‘मनावर घेते’ हे तिला तिच्या वरिष्ठांनी शिकवलेले असते, पुस्तकाने नव्हे. पण कामाचा ताण चापटीचे कारण सांगतो, तिथेच थांबतो. त्याच ताणाखाली, त्याच कक्षात, दुसऱ्या ड्युटीची सिस्टर हात उगारत नाही हेही दिसते. आणि हात कुणावर उगारायचा याची निवड होतेच. वयाने लहान आणि कमी शिकलेल्या बायांच्या वाट्याला हे जास्त येते, असे त्या २०१९ च्या अभ्यासानेही दाखवले. डॉक्टरांच्या ओळखीची बाई त्याच टेबलावर ‘अहो’ होते.

तक्रार

तिची साडेतीन पाने मनापासूनची होती, पण चौकशीला धरायला अवघड. ‘सगळ्यांनी वाईट वागवले’ या वाक्याला उत्तर ‘खेद वाटतो’ एवढेच येते. अशा तक्रारीत वेळ आणि कृती लागते. पहिल्या चार-पाच दिवसांतच आठवेल तसे वेळेसह लिहून काढावे, सोबतच्या माणसाने बाहेरून ऐकलेलेही. नाव माहीत नसेल तर ‘सकाळची ड्युटी, चष्मा, निळा गाऊन’ चालते. मग केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, प्रसूतीचा आलेख आणि सही केलेला संमतीचा कागद यांच्या प्रती मागाव्यात. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

त्यानंतर प्रश्न असे विचारावेत, ज्यांचे उत्तर कागदातच असायला हवे. ४ सेंटिमीटरला ड्रिप कोणत्या कारणासाठी लावली? १२:२० ते १:१५ मध्ये ठोके किती होते? चिरेचे कारण कुठे लिहिले आहे? लिग्नोकेन किती मिली, किती वाजता? ‘नोंदींत वावगे आढळले नाही’ हे उत्तर इथे टिकत नाही, कारण नोंदच नाही हेच वावगे आहे.

वरच्या पातळीवरही अशा तक्रारी गेल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयक भेदभाव निर्मूलन समितीने २०२० मध्ये स्पेनविरुद्धच्या एका प्रकरणात बाईच्या बाजूने निर्णय दिला. वारंवार तपासण्या, विनासंमती चीर अशाच गोष्टी त्यात होत्या. चीर द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवणार, असे गृहीत धरून देशातल्या न्यायालयांनी तिचे म्हणणे बाजूला सारले होते. समितीने त्या गृहीतकावरच बोट ठेवले.

कक्षात काय हलवायचे

भिंतीवर ‘सौजन्याने वागा’ची पाटी लावून फारसे काही होत नाही. किल्ली हलवली तर होते : प्रत्येक ट्रेमध्ये लिग्नोकेनची एक न उघडलेली बाटली आणि १० मिलीची सिरिंज, ड्युटी बदलताना मोजून. आतून तपासणीसाठी केसपेपरवर रेघोट्यांचा रकाना, ज्यात विद्यार्थ्याचीही रेघ पडते. तिसरी रेघ ओढताना हात आपसूक थबकतो. टेबलांमध्ये पडदा, म्हणजे सोबतीच्या माणसाला आत घेता येते. जागा नाही ही सबब बहुतेकदा पडदा नाही अशी असते. सोबत हा लाड नाही : १७ देशांतल्या २६ चाचण्यांच्या २०१७ च्या आढाव्यात सतत आधार मिळालेल्या बायांमध्ये नैसर्गिक प्रसूती वाढल्या आणि सिझेरियन कमी झाले. शिवाय कुणीतरी बघत असताना चापट मारणे अवघड जाते.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या नोंदीचा नवा तक्ता आणला, त्यात सोबत, वेदनाशमन, तोंडाने पाणी आणि बाईची बसण्या-झोपण्याची स्थिती यांना स्वतंत्र रकाने आहेत. दुसरा टप्पाही त्यातच भरायचा आहे. जुन्या आलेखात ही जागाच नव्हती.

एक किंमत मात्र मोजावी लागते आणि ती लपवू नये. हीच बाई ३ सेंटिमीटरला हिंडतीफिरती ठेवली असती, ड्रिप लावली नसती, तर बाळ दुपारी सव्वाला नव्हे, कदाचित रात्री झाले असते. टेबल नाही, पण कॉट आणि एका सिस्टरचे लक्ष तेवढे तास गुंतले असते. खाटांचा हिशेब ठेवणाऱ्याने हे तास आधीच धरावे लागतात, नाहीतर घड्याळ पुन्हा ३ सेंटिमीटरला सुरू होते.

त्या रात्रीच्या तक्त्यावर शेवटच्या ओळी साधारण अशा पडल्या असत्या : ‘८:२५. कुशीवर, बहीण सोबत, पाणी घेते. कळा १० मिनिटांत ४. ठोके १३८. ८:३०. ठोके १४२. ८:३५. ठोके १४०, डोके दिसते. ८:४१. बाळ, छातीवर. नाळ ८:४३ ला कापली. चीर नाही. छोटी फाट, टाक्यांचे सांगितले, हो म्हणाली. लिग्नोकेन ०.५ टक्के १० मिली, ८:५२. चिमटा ८:५४, कळतो म्हणाली, थांबले. ८:५६, कळत नाही. टाके २.’